काळी सायकल पुन्हा रस्त्यावर

माळ्यावर किंवा जिन्याखाली पडलेली जुनी काळी सायकल पूर्ण उघडायला तीन-चार पाने, एक जड हातोडा आणि एक स्क्रू-ड्रायव्हर एवढी हत्यारे पुरतात. 28 इंची चाकांची, आडव्या दांडीची, तारेऐवजी लोखंडी सळ्यांनी ब्रेक ओढणारी ही सायकल विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इंग्लंडमध्ये जवळपास आजच्याच रूपात तयार झाली. भारतातल्या कारखान्यांनी ती तशीच उचलली आणि किरकोळ फेरफार सोडले तर ती अजूनही बनते आहे. म्हणूनच 1950 च्या आसपास घेतलेल्या सायकलीचे छर्रे, चेन, टायर, ब्रेकचे रबर तालुक्याच्या गावी आजही मिळतात. वीस वर्षांपूर्वीच्या मिक्सरचे भांडे शोधायला निघालेल्या माणसाला या गोष्टीचे मोल लगेच कळेल.

जुनी सायकल उभी करण्याची कामे दोन. एक, ती नीट आणि सुरक्षित चालेल अशी करणे. दोन, ती दिसायला कशी असावी हे ठरवणे. पहिले काम हाताचे आहे, थोड्या सरावाने जमते. दुसरे विवेकाचे आहे, आणि बहुतेक सायकली तिथेच बिघडतात. चांगली चालणारी, पण मूळचे एकही चिन्ह अंगावर न उरलेली चकचकीत सायकल हा या छंदातला सर्वांत सर्रास घडणारा प्रकार आहे.

सायकल कोणती, कधीची

स्वातंत्र्यापूर्वी भारतातल्या बहुतेक सायकली इंग्लंडहून येत. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या हर्क्युलिस, फिलिप्स आणि बीएसए, शिवाय हंबर ही त्यांतली ठळक नावे. बीएसए ही मूळची बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून तिच्या सायकलींवर तीन रायफलींची खूण असते. हंबरचा पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा असल्याने ती लांबूनही ओळखू येते. रॅलेच्या चिन्हात बगळ्याचे डोके आहे, आणि कित्येक सायकलींच्या चेनव्हीलमध्येही तेच बगळे कापून काढलेले दिसतात.

देशातले उत्पादन वरळीच्या हिंद सायकल्सने स्वातंत्र्याआधीच सुरू केले होते. 1949 मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स उभी राहिली आणि हर्क्युलिस, फिलिप्स ही इंग्रजी नावे भारतीय बनावटीच्या सायकलींवर आली. बंगालमध्ये आसनसोलजवळ रॅलेच्या सहकार्याने सेन-रॅले निघाली. 1951 मध्ये सोनिपतला अॅटलस आणि 1956 मध्ये लुधियानाला हिरो सुरू झाली. या हिरोनेच 1986 मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात नाव नोंदवले. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही आजारी कंपन्यांचे 1980 मध्ये एकाच कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले, तरीही त्या सावरल्या नाहीत. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला.

घरातली सायकल यांपैकी कोणत्या घराण्यातली, हे हँडलखालच्या उभ्या नळीवरच्या बिल्ल्यावरून कळते. बिल्ला निघून गेला असेल तर त्याच्या रिव्हेटची भोके उरतात, आणि त्यांच्यातले अंतर ओळखीच्या बिल्ल्याशी ताडून पाहता येते. सीटच्या नळीच्या वरच्या जोडावर किंवा मागच्या एक्सलच्या खाचेपाशी अनुक्रमांक ठोकलेला असतो. मात्र भारतीय सायकलींच्या बाबतीत त्यावरून साल ठरवणे कठीण, कारण कारखान्यांचे नोंदवह्यांचे दप्तर सहसा हाती लागत नाही. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचे तीन वेगांचे हब असेल तर काम सोपे होते. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या हबच्या कवचावर महिना आणि साल यांचे आकडे ठोकत. ‘54’ आणि ‘8’ दिसले की हब ऑगस्ट 1954 चे समजावे. चाक नंतर बदललेले असू शकते, एवढे भान ठेवावे लागते.

साल सांगणारी आणखी एक वस्तू महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत सापडते. नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा किंवा पितळेचा छोटा बिल्ला देत. त्यावर पालिकेचे नाव, साल आणि क्रमांक असे. अशा बिल्ल्यांची माळ कधी सीटखाली, कधी हँडलच्या नटाला अडकवलेली असते. साफसफाईत हे पत्र्याचे तुकडे भंगारात जातात, पण सायकलीच्या वयाचा याहून भरवशाचा पुरावा दुसरा नाही.

आधी सांगाडा

रंग, गंज, फाटकी सीट यांकडे लक्ष जाण्याआधी फ्रेम तपासायची असते. या सायकलींच्या नळ्या पोलादी जोडांमध्ये बसवून पितळेने झाळलेल्या असतात. हा जोड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण सायकल समोरून आदळली असेल तर फ्रेम वाकते. हँडलखालच्या नळीला जिथे वरची आणि खालची नळी मिळते, त्याच्या लगेच मागे, नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवावे. तिथे सुरकुती किंवा फुगवटा लागला, रंगाला आडवी चीर दिसली, तर धडक बसलेली आहे. बाजूने पाहताना चिमट्याची पाती पुढे वळण्याऐवजी सरळ किंवा मागे दबलेली दिसली तरी अर्थ तोच.

मागचा भाग एका बाजूला झुकला आहे का, हे पाहायला दोरा पुरतो. मागच्या एक्सलच्या एका खाचेत दोऱ्याचे टोक बांधायचे, दोरा पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालायचा आणि परत दुसऱ्या खाचेत ताणून बांधायचा. मग सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्यांचे अंतर मोजायचे. ते सारखे आले तर फ्रेम सरळ. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालवून घेता येतो. त्याहून जास्त असेल तर पोलादी फ्रेम अनुभवी कारागीर थंड अवस्थेतच सरळ करू शकतो. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला ही मुभा नाही.

सीटची दांडी नळीत गंजून बसली आहे का, हेही याच वेळी पाहावे. बसली असेल तर वरून गंजसैल करणारे तेल सोडायचे, सायकल उलटी करून खालूनही सोडायचे आणि चार-आठ दिवस रोज हेच करत राहायचे. पाइपपाना लावून एका दमात फिरवायला जाणाऱ्याच्या हाती नळीची चीर येते. या छंदात घाईची किंमत अशी लगेच वसूल होते.

कॉटर

उघडण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, मग चाके, मग ब्रेकच्या सळ्या, मग क्रँक आणि शेवटी चिमटा. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढावा आणि नट-वॉशर ज्या बोल्टवरचे त्याच बोल्टवर परत चढवून ठेवावेत. चेनकव्हरचे इवलेसे स्क्रू वेगळ्या डब्यात असलेले बरे, कारण तेच हरवतात आणि तसेच दुसरे मिळत नाहीत.

बाकी सगळे सोपे असते, कॉटरखेरीज. क्रँक एक्सलवर जखडून ठेवणारी ही तिरप्या पाठीची पोलादी पाचर. पन्नास वर्षांच्या पायडलने ती आपल्या भोकात एकजीव झालेली असते. नट पूर्ण काढून बोल्टच्या टोकावर हातोडा हाणला की टोक चेपून आटे मरतात आणि मग पाचर ड्रिलने पोखरूनच काढावी लागते. योग्य रीत अशी: दोन दिवस आधीपासून तेल सोडावे. नट सैल करून आट्यांच्या टोकाशी समतल आणावा, म्हणजे घाव नट आणि बोल्ट दोघांवर वाटला जाईल. क्रँकच्या खाली, पाचरीच्या डोक्याभोवती बसेल असा जाड लोखंडी पाइप उभा करून त्याचे दुसरे टोक जमिनीवर टेकवावे. हा टेकू नसेल तर हातोड्याचा सगळा जोर एक्सलच्या छर्ऱ्यांवर जातो आणि वाटीत खड्डे पडतात. मग जड हातोड्याचा एकच सरळ, निश्चयाचा घाव घालावा. हलक्या हाताने दहादा ठोकण्याने पाचर फक्त वाकते. सायकलीच्या दुकानातला जाणता मिस्त्री हे काम एका ठोक्यात करतो. ज्याला आपल्या हातावर भरवसा नाही त्याने एवढ्या कामासाठी सायकल त्याच्याकडे नेण्यात कमीपणा नाही.

नवे कॉटर घेताना जाडी मोजून घ्यावी. रॅलेच्या जातीच्या सायकलींना 9.5 मिलिमीटरचे लागतात, काहींना 9 चे. बसवताना दोन्हीकडच्या पाचरींची तोंडे एकमेकांच्या उलट दिशेला हवीत, नाहीतर दोन्ही पायडले एका रेषेत येत नाहीत आणि प्रत्येक फेरीत पायाला हिसका बसतो. पाचरीचा सपाट भाग कानसीने थोडाथोडा घासत, बसवून पाहत, पुन्हा घासत जमवावा लागतो.

आट्यांच्या दिशेचे दोन अपवाद मुखोद्गत असावेत. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सुटते. क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो त्या बीबीची चेनव्हीलकडची वाटीही इंग्रजी घडणीत उलट्या आट्यांची असते. ती खराब झाली नसेल तर तिला हात लावू नये. आतून पुसून काढली की काम होते.

गंज आणि रंग

सुटे झालेले भाग रॉकेलमध्ये भिजत घालून ब्रशने घासले की जुने काळे ग्रीस निघते. वरवरच्या गंजाला दोन मऊ उपाय आहेत. क्रोमवर अॅल्युमिनियम फॉइलचा चोळामोळा करून पाण्यात बुडवून घासावा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघून जातो. नट, बोल्ट, ब्रेकच्या सळ्या अशा वस्तूंसाठी ऑक्झॅलिक अॅसिडचे सौम्य द्रावण चालते. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे हवेत, मुलांपासून लांब ठेवायला हवे आणि नंतर वस्तू खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडी करून तेलाचा हात द्यायला हवा. हे न केल्यास पिवळट थर बसतो. अख्खी फ्रेम जोरकस अॅसिडच्या हौदात बुडवण्याचा प्रकार मात्र टाळावा. नळ्यांच्या आत अडकलेले अॅसिड पुरते निघत नाही आणि नव्या रंगाच्या आडून सांगाडा आतून खात राहते.

इथून पुढे विवेकाचा भाग येतो. जुन्या इंग्रजी आणि चांगल्या भारतीय सायकलींचा काळा रंग भट्टीत भाजलेल्या इनॅमलचा असे. त्यावर सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या असत, आणि कंपनीचे नाव पाण्याने चिकटवण्याच्या पातळ चित्रपट्टीने उमटवलेले असे. हा रंग ओरखडलेला, ठिकठिकाणी उडालेला असतो, पण तो मूळचा असतो आणि तो एकदाच मिळतो. खरवडून काढल्यावर कितीही पैसे दिले तरी परत येत नाही. तेव्हा रंगाचा साठ-सत्तर टक्के भाग शाबूत असेल तर त्याला नव्याने रंगवू नये, हे या कामातले सर्वांत उपयोगी पथ्य. सौम्य साबणाने धुणे, मोटारीच्या बारीक पॉलिशने हलक्या हाताने चोळणे, उघड्या लोखंडावर गंजरोधक लावून बारीक ब्रशने काळा थेंब टेकवणे आणि शेवटी मेणाचा थर देणे, एवढ्याने सायकल जुनी आणि नीटनेटकी दोन्ही दिसते. चित्रपट्टीवरून पॉलिशचा बोळा कधीही फिरवू नये. तिच्यावरचे जुने वार्निश निघाले की सोनेरी अक्षरेही त्याबरोबर बोळ्यावर येतात.

रंगाची पार वाट लागली असेल, किंवा आधीच कुणीतरी हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले असतील, तर नव्याने रंगवण्याला पर्याय नाही. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा, तोंडाला मास्क लावावा. पुढे दोन वाटा आहेत. पावडर कोटिंग टिकाऊ आणि स्वस्त पडते, पण त्याचा थर जाड असतो. जोडांच्या कोरीव कडा त्याखाली बुजतात आणि सायकल प्लास्टिकची असल्यासारखी गुळगुळीत दिसू लागते. प्राइमरवर स्प्रेने मारलेले पातळ थर, प्रत्येक थरानंतर ओले घासकाम, हे वेळखाऊ आहे, पण जोडांची धार त्यात राहते. कोणतीही वाट धरली तरी बीबीच्या आट्यांत आणि हँडलच्या वाट्यांच्या बैठकीत रंग जाणार नाही, याची काळजी घ्यायची. सोनेरी रेघांसाठी स्टिकरच्या पट्ट्या मिळतात. त्यांपेक्षा पाट्या आणि नंबरप्लेट हाताने रंगवणारा एखादा जुना पेंटर गाठावा. लांब केसांच्या ब्रशने, श्वास रोखून, एका दमात ओढलेल्या रेघेची जाडी किंचित कमी-जास्त होते, आणि मूळ रेघाही अशाच असत.

क्रोम पुन्हा चढवण्याआधी थोडे थांबावे. प्लेटिंगच्या दुकानात आधी वस्तू चाकावर घासून गुळगुळीत करतात आणि त्यात हबवरचे साल, क्रँकवरचे नाव, घंटीवरची अक्षरे साफ होतात. नक्षी किंवा अक्षरे असलेली वस्तू डागाळलेलीच ठेवलेली चांगली.

कातडी सीट असेल तर तिचे नशीब बहुधा तिच्या मागच्या मालकाने ठरवलेले असते. ब्रुक्ससारख्या सीटचे कातडे वर्षानुवर्षे कोरडे राहिले असेल तर त्यावर लगेच बसू नये, चिरते. मेणयुक्त कातडे-क्रीम वरून आणि मुख्यतः खालून लावून ते आठवडाभर मुरू द्यावे. गोडे तेल किंवा खोबरेल चोपडण्याचा मोह आवरावा. कातडे मऊ पडून झोळीसारखे लोंबते आणि मग ताणबोल्ट आवळूनही वर येत नाही.

फिरणारे भाग

सायकल हलकी चालणे हे रंगावर नाही, छर्ऱ्यांवर अवलंबून असते. हबमध्ये, बीबीत, हँडलच्या वाट्यांत आणि पायडलांत सुटे पोलादी छर्रे असतात. इंग्रजी घडणीत साधारणपणे पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला 3/16 इंची दहा, मागच्या हबमध्ये 1/4 इंची नऊ, बीबीत प्रत्येक बाजूला 1/4 इंची अकरा असा हिशेब. उघडताना मोजावेत, पण त्या मोजणीवर विसंबू नये, कारण मधल्या एखाद्या ओव्हरऑइलिंगमध्ये कुणीतरी एक कमी-जास्त केलेला असू शकतो. वाटीत छर्रे पूर्ण भरले की गोलात एकाची जागा उरल्यासारखी वाटायला हवी, एवढा नियम पुरे. छर्रे नवेच घालावेत. ते अगदी स्वस्त असतात, आणि जुन्यांत एखादा जरी खरवडलेला असला तरी तो बाकीची वाटी खराब करतो. कोनवर, म्हणजे ज्या तिरप्या कडेवर छर्रे फिरतात तिथे, बोटाच्या नखाला खड्डा लागला तर कोनही बदलावा.

कोन किती आवळावा याची एक जुनी परीक्षा आहे. चाक फ्रेममध्ये बसवून व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, मध्यापासून जरासा हटवून सोडून द्यायचे. व्हॉल्व्हच्या वजनाने चाक आपोआप फिरून तो खाली यावा आणि लोलकासारखे दोन-चार झोके घेऊन थांबावा. झोके न घेता तो थबकला तर कोन जास्त आवळला आहे. रिम हातात धरून डाव्या-उजव्या बाजूला हलवल्यावर खडखड जाणवली तर सैल आहे.

स्टर्मी-आर्चरचे तीन वेगांचे हब सहसा उघडावे लागत नाही. त्याच्या कवचावर तेलाचे झाकण असते, त्यातून हलके यंत्रतेल चमचाभर सोडून चाक फिरवत राहिले की वर्षानुवर्षे गोठलेले हबही सुटते. त्याच्या एडब्ल्यू या प्रकारात पहिला वेग मधल्याच्या तीन-चतुर्थांश आणि तिसरा मधल्याच्या एक-तृतीयांश अधिक असतो. तार नीट जुळवलेली नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वेगाच्या मधे पायडल एकदम मोकळे फिरते, आणि उभे राहून पायडल मारणारा माणूस दांडीवर आदळतो. म्हणून तार जुळवल्याखेरीज रस्त्यावर जाऊ नये.

चेन घासली आहे का, हे पट्टीने कळते. अर्ध्या इंचाच्या 24 कड्यांची लांबी बरोबर 12 इंच भरली पाहिजे. ती सव्वाबारा इंचांच्या दिशेने सरकू लागली, म्हणजे 1/8 इंचाने वाढली, की चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदलावीत. जुन्या दातांवर नवी चेन उड्या मारते.

चाकांचा आउट काढणे, म्हणजे डगमगणारी रिम सरळ करणे, हे काम शिकण्यासारखे आहे. पारंपरिक सायकलीत पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असतात, कारण वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. सायकल उलटी उभी करून चिमट्याला खडूचा तुकडा रिमच्या जवळ येईल असा बांधला की फिरताना रिम जिथे बाहेर आली आहे तिथे रेघ उमटते. तिथल्या त्याच बाजूच्या हबकडे जाणाऱ्या स्पोकचे निपल अर्धा फेरा सैल आणि विरुद्ध बाजूचे अर्धा फेरा घट्ट करायचे. एका वेळी पाव-अर्ध्या फेऱ्याहून जास्त नाही. गंजून बसलेल्या निपलांना आदल्या रात्री तेलाचा थेंब दिलेला असावा, नाहीतर स्पोक पिळून तुटतो.

टायर घेताना एक घोळ हमखास होतो. जुन्या सायकलीचा टायर 28 x 1½ असतो आणि त्याच्या रिमच्या बैठकीचा व्यास 635 मिलिमीटर. आजच्या 700सी सायकलींनाही बोलीत 28 इंची म्हणतात, पण त्यांचा व्यास 622 मिलिमीटर आहे. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. दुकानात आकडा टायरच्या कडेवर वाचूनच घ्यावा.

आपल्या सोयीने बदल

सायकल आपल्या कामाप्रमाणे बदलून घेणे हे भारतात नवे नाही. दूधवाल्याने दोन्ही बाजूंना कॅन अडकवायला जाड सळ्यांचे कॅरिअर झाळून घेतले. सुऱ्यांना धार लावणाऱ्याने सायकल स्टँडवर उभी करून मागच्या चाकावरून पट्टा काढला आणि त्यावर सहाण फिरवली, म्हणजे वाहन आणि कारखाना एकाच फ्रेमवर आला. गोव्यातल्या पोदेराने पावांची टोपली मागे आणि रबरी फुग्याचा भोंगा हँडलवर लावला. यांतल्या कुणी ‘कस्टमाइज’ हा शब्द वापरला नाही, पण प्रत्येक बदलामागे रोजची गरज होती. घरी सायकल सजवणाऱ्याने हाच निकष लावला तर चुका कमी होतात. दुसरा निकष असा की, शक्यतो जो बदल उलटवता येईल तोच करावा आणि काढलेला मूळ भाग कागदात गुंडाळून जपून ठेवावा.

सर्वांत उपयोगी बदल सर्वांत स्वस्त आहे: मागची फ्रीव्हील. 44 दातांचे चेनव्हील आणि 18 दातांची फ्रीव्हील असलेली सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाट गावात ते ठीक. चढावर मात्र गुडघे बोलू लागतात. 22 दातांची फ्रीव्हील लावली तर एका फेऱ्यात सुमारे साडेचार मीटर, आणि चढ तेवढ्याच प्रमाणात हलका होतो. चेनला एखाद-दुसरी कडी जोडावी लागते, बाकी काही नाही.

ब्रेकचा बदल त्याच्या उलट आहे, वाटतो सोपा पण नसतो. सळ्यांचा ब्रेक रिमच्या आतल्या तोंडावर दाबला जातो, आणि त्यासाठी जुनी वेस्टवुड रिम गोलाकार घडवलेली असते. तिला सपाट बाजूच नाही. त्यामुळे तारेचे चिमट्यासारखे ब्रेक तिच्यावर चालत नाहीत, आधी रिमच बदलावी लागते, म्हणजे स्पोक, टायर सगळेच. त्यापेक्षा सळ्यांच्या सांध्यांतला ढिलेपणा काढून, नवी रबरे रिमला समांतर लावून मूळचा ब्रेक नीट करावा. क्रोमच्या ओल्या रिमवर कोणताही रबरी ब्रेक उशिरा लागतो, हे मात्र कोणत्याही जुळवणीने टळत नाही. पावसात अंतर राखून चालवणे एवढेच हाती.

दिव्यांत सौंदर्य आणि सोय यांचा मेळ सहज बसतो. जुन्या पितळी किंवा क्रोमच्या दिव्याचे घर तसेच ठेवून आतल्या बल्बच्या जागी एलईडी बसवता येतो. बाटलीचा डायनामो 6 व्होल्ट, 3 वॅटचा असतो आणि आजचा एलईडी त्याहून कितीतरी कमी विजेत जास्त उजेड देतो. पुढच्या चाकाच्या मध्यात स्टर्मी-आर्चरचा डायनोहब असेल तर तो उघडताना सावध राहावे. चुंबकाचा गोल आतल्या गुंडाळीपासून वेगळा केला आणि त्याच्यात लोखंडी तुकडा लगेच सरकवला नाही, तर चुंबकत्व कमी होते आणि मंद दिवा आणखी मंद होतो.

हँडल उलटे लावून सायकल रेसरसारखी करणे, फ्रेमचा मागचा भाग कापून छोटी करणे, सगळ्या अंगाला क्रोम करणे हेही प्रकार दिसतात. ज्या फ्रेमचे हजारो जुळे भाऊ अजून रस्त्यावर आहेत, अशा अलीकडच्या सायकलीवर हे हवे तर करावे. 1960 पूर्वीच्या, बिल्ला आणि रंग शाबूत असलेल्या सायकलीवर करवत चालवणे अडाणीपणाचे आहे.

सुटे भाग हवे असतील तर पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार या ठरलेल्या जागा आहेत. मूळची सायकल कशी दिसे, हे पाहायचे असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्स हे खासगी संग्रहालय आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची हवाई सैनिकांसाठी बनवलेली घडीची सायकलही पाहायला मिळते. एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणवल्या जाणाऱ्या गावात सायकलींचे संग्रहालय व्हावे आणि त्याच गावाजवळच्या आकुर्डीत बनलेल्या स्कूटरने त्या सायकली माळ्यावर ढकलाव्यात, हा योग पुण्यालाच साधला.

जोडणी आणि पहिले काही दिवस

जोडताना उघडण्याचा क्रम उलटा चालतो. प्रत्येक आट्याला ग्रीसचे बोट लावावे, सीटच्या दांडीला आणि हँडलच्या दांडीला विशेष, म्हणजे पुढच्या उघडणाऱ्याला आठवडा घालवावा लागणार नाही. नळ्यांच्या आत जवसाचे तेल ओतून फ्रेम फिरवत ठेवली तर सुकल्यावर त्याचा पातळ थर आतून गंज अडवतो. बीबीच्या खालच्या भोकातून जादा तेल निथळू द्यावे. ट्यूबच्या व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी नवी घालावी. जुनी आत चिकटून बसते आणि दिवसभरात चाक बसते.

सायकल उभी राहिली म्हणजे काम संपले असे नसते. नवे कॉटर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरांत थोडे आत सरकतात, म्हणून नट तेव्हा आणि पुन्हा एकदा महिन्याने आवळावा. सैल कॉटरवर चालवत राहिले तर क्रँकचे भोक लांबट होते आणि मग कोणताच कॉटर धरत नाही. नव्याने ताणलेले स्पोक शे-दीडशे किलोमीटरांनी आपापल्या जागी बसतात, तेव्हा आउट पुन्हा एकदा पाहावा. हँडलचा वरचा कप सैल होतो, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली की त्याची टकटक ऐकू येते. चेनला आठवड्याला तेल द्यावे, पण कड्यांच्या सांध्यांतच, आणि नंतर फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर तेलावर बसलेली धूळ कानसीचे काम करते. पावसाळ्यात सायकल ओली झाली की सळ्यांच्या सांध्यांना, स्पोकच्या निपलांना आणि मडगार्डच्या काड्यांना तेलाचा थेंब द्यायचा. गंज दर वेळी तिथूनच सुरू होतो.